मागच्या सीटवरची धग

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ही आमच्याच घरात घडलेली गोष्ट आहे आणि ज्याच्यावर ती गुदरली तो माझा सख्खा मामा. आईचा थोरला भाऊ.

भुताची गोष्ट म्हणून रात्र, अंधार, कुत्र्यांचं रडणं अशी तयारी करून बसला असाल तर ती आवरून ठेवा. हे सगळं भर दुपारी घडलं. लख्ख उन्हात, माणसांच्या वर्दळीत.

आमच्या घरात आता रात्रीची भीती कुणालाच वाटत नाही.

दुपारची वाटते.

मामा गाड्यांच्या एसीचा मेकॅनिक. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं पत्र्याचं गॅरेज. लोक त्याला थंडू म्हणायचे. एक तर धंदा गारव्याचा आणि त्यात स्वभावही तसाच. घराला आग लागली तरी हा आधी हातातला चहा संपवेल, असं आई म्हणायची. पण हाताला गुण होता. गाडीतल्या एसीच्या जाळीवर नुसता तळहात धरून तो गॅस कमी आहे की नाही ते सांगायचा.

त्याला एक खोड होती. कुठूनही उठताना तो म्हणायचा, "आलोच."

तसं आपण सगळेच म्हणतो. जाणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण मामाचं 'आलोच' हा चेष्टेचा विषय होता. गिऱ्हाइकाला 'आलोच' सांगून तो नळी आणायला जायचा आणि वाटेत कुणी भेटलं की तिथेच गप्पांचा फड.

"यांनी फोनवर 'आलोच' म्हटलं की मी भात टाकत नाही," मामी सांगायची. "तांदूळ निवडायला घेते."

मामा हसायचा.

"जित्याची खोड हो," ती म्हणायची. म्हणीचा पुढचा भाग मात्र ती कधी उच्चारत नसे.

मूलबाळ नव्हतं. त्या दोघांना एकमेकंच.

मग मामीच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा लांबच्या हॉस्पिटलात जायचं. डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसभरात एवढंसं फुलपात्र भरून, तेही घोट घोट. आणि बजावलं, उन्हात फिरवू नका. घाम आला की तहान लागणार, तहान लागली की पाणी पिणार आणि पाणी प्यायल्या की ते छातीत साठणार.

म्हणून मामाने गाडी घेतली. आयुष्यभर लोकांच्या गाड्या गार करणाऱ्या माणसाची पहिली गाडी. जुनी, पांढरी, चष्म्याचं दुकान असलेल्या एका चष्मेवाल्याकडची. मामाने ती खालून वरून, पुढून मागून तपासली होती. एसी असा की काच धुरकट व्हावी.

मामी मागच्या सीटवर बसायची, म्हणजे पाय पसरता येत. पहिल्या दिवशी ती खूश होती. वाटेत मामाने औषधाच्या दुकानापाशी गाडी थांबवली. इंजिन चालू, एसी चालू. "गोळ्या घेऊन आलोच," म्हणाला आणि उतरला.

दुकानात ओळखीचा माणूस भेटला. अर्थातच.

परत येऊन त्याने दार उघडलं तर…

आतून भट्टीची धग आली.

मामी सीटला टेकून पडली होती. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. एसी पूर्ण जोरात चालू होता. मामाने जाळीवर हात धरला. हवा बर्फासारखी गार होती.

"अगं, काच तरी खाली करायचीस!"

"बघितली ना करून," मामी कशीबशी म्हणाली. "खाली जाईना. दारही उघडेना."

त्या दिवशी ती दोन फुलपात्रं पाणी जास्त प्यायली. रात्री उशा रचून बसवावं लागलं तिला. श्वासच पुरेना. मामा तिची पाठ चोळत राहिला आणि मनात एकच विचार करत राहिला. ही धग मी शोधून काढली नाही तर ही गाडीच हिला मारेल.

दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेजात गाडी खोलली.

गॅस तपासला. ठीक. कॉम्प्रेसर ठीक. गरम हवेची झडप अडकली असेल म्हणून डॅशबोर्ड उतरवला. झडप अगदी घट्ट बसत होती. तरीही त्याने हीटरकडे जाणारा पाइपच चिमटा लावून बंद करून टाकला. आता गरम पाणी आत यायलाच वाव नव्हता. सायलेन्सरची धग तळातून येते का बघायला तो गाडीखाली शिरला. पत्रा गार. मागची सीट उचलून बघितली. खाली शेंगांची टरफलं आणि केसांची एक काळी पिन. बाकी काही नाही.

एक गोष्ट मात्र सापडली. मागच्या डाव्या दाराचं चाइल्ड लॉक लावलेलं होतं. ते लागलेलं असलं की दार आतून उघडत नाही. कडी नुसतीच हलते. मामाने ती खिट्टी वर केली.

सकाळी आला तर… ती पुन्हा खाली होती.

त्याने ती परत वर केली. विसरलो असेन, म्हणाला.

नंतरच्या फेरीला गाडी छान गार राहिली. मामाला हायसं वाटलं. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा भट्टी. त्याच्या पुढे दोनदा गार. मग पुन्हा भट्टी. मामाने डोक्याला हात लावला. कायमचा बिघाड परवडला. येत-जात राहणारा बिघाड मेकॅनिकला रडवतो.

"बिघाड *का* होतो ते नंतर," तो नेहमी म्हणायचा. "आधी *कधी* होतो ते धरा. घोडं तिथेच पेंड खात असतं."

तो आठवायला लागला. न थांबता गेलो तेव्हा गाडी गार. पेट्रोल भरायला थांबलो, पण उतरलो नाही, तेव्हाही गार. फळं घ्यायला उतरलो तेव्हा तापली. टायरची हवा बघायला उतरलो तेव्हा तापली नाही. का? दोन्ही वेळा उतरलोच की!

"हवा बघताना तुम्ही फोनवर बोलत उतरलात," मामी म्हणाली.

ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मग?"

"मग 'आलोच' म्हणाला नाहीत."

मामा हसला. "आता त्याचा काय संबंध?"

"तुम्ही 'आलोच' म्हटलंत ना, की माझ्या शेजारी…" मामी थांबली. "कुणीतरी हळूच सुस्कारा टाकतं. असा… वाट बघायला बसल्यासारखा. आणि मग ती कडी."

"कुठली कडी?"

"डाव्या दाराची. खट्… खट्… मला आधी वाटलं एसीचा आवाज असेल."

तो आवाज मामानेही ऐकला होता. गाडीखाली उताणा पडलेला असताना. त्यालाही तो एसीचाच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने गॅरेजचं शटर अर्धं ओढलं. गल्लीत रहदारी होती, शेजारचा पंक्चरवाला ट्यूब घासत होता. मामाने गाडी सावलीत लावली. इंजिन बंद. उष्णता मोजायची पाऱ्याची नळी मागच्या सीटवर डाव्या बाजूला ठेवली, बाहेरून दिसेल अशी. आणि काही न बोलता उतरला.

काही नाही. पारा जागच्या जागी.

पुन्हा आत बसला. "जातो," म्हणाला आणि उतरला. काही नाही.

पुन्हा आत बसला. आपण काय पोरखेळ करतोय, असं वाटत होतं.

"आलोच," तो म्हणाला.

दार लावलं.

बाहेर उभा राहिला.

पंक्चरवाल्याचं घासणं थांबलं. गल्लीतला एकही आवाज येईना. गाडीवर नेहमी घोंगावणाऱ्या माश्या… त्याही नव्हत्या.

पारा चढायला लागला.

सावलीत. बंद इंजिनात. डोळ्यांसमोर.

खट्…

डाव्या दाराच्या आतली कडी आपोआप उचलली गेली आणि खाली पडली.

खट्… खट्…

काचेवर आतून धूळ होती. त्या धुळीत हळूहळू एक तळहात उमटला. लहान, सुकलेला, म्हाताऱ्या बाईचा. बोटं काचेवरून खाली घसरत गेली.

मामाची पाचावर धारण बसली. पण धंद्याची सवय अशी की पाय पळाले नाहीत, हात पुढे गेला. त्याने खाडकन दार उघडलं. तोंडावर धग आली. आत बसला आणि म्हणाला, "आलो. आलो बघा."

मागे कुणीतरी श्वास सोडला.

पारा उतरला.

बाहेर पंक्चरवाला ट्यूब घासत होता.

मामा तसाच चष्मेवाल्याकडे गेला. त्याचं घर दुकानाच्या वरच. मध्यम वयाचा, नीटनेटका माणूस. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. दारांना कड्याच नव्हत्या. कड्यांच्या जागी नुसती भोकं.

"बसा," चष्मेवाला म्हणाला. "मी आत जातो. पाणी आणायला जातो."

मामाने चमकून बघितलं. आपल्यात असं कुणी म्हणत नाही.

पाणी आल्यावर मामाने एवढंच विचारलं, "मागच्या सीटवर कोण होतं?"

चष्मेवाल्याने मान खाली घातली.

"आई. बँकेच्या दारात गाडी लावली होती. तिचे गुडघे दुखायचे. म्हटलं, आई, तू बस, मी आलोच. गाडी कुणी नेऊ नये म्हणून लॉक केली. मागचं चाइल्ड लॉक तर तिच्या नातीसाठी, माझ्या मुलीसाठी, कायमच लावलेलं असायचं. बँकेत गर्दी होती. मग मॅनेजरने चहाला बसवलं. मला खरंच वाटलं, थोडाच वेळ झालाय."

तो उठला आणि आधीच सताड उघडी असलेली खिडकी आणखी मागे ढकलली.

"चिडली आहे का ती?" मामाने विचारलं.

"चिडली असती तर हातापाया पडून शांत केली असती. ती वाट बघतेय हो. कुणी 'आलोच' म्हटलं की तिला वाटतं, तिलाच म्हटलं. माझ्या घरात वर्षभर हेच. या दारापाशी, त्या दारापाशी. मी तोंडाला कुलूप लावलं, तरी पुरतं थांबलं नाही. गाडी विकली आणि एका दुपारी एकदम गार वाटलं घरात. तेव्हाच कळलं…"

"काय?"

"की तुम्ही म्हणालात."

मामाला संताप आला. त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण त्या कड्या नसलेल्या दारांकडे बघून त्याचे हात खाली आले.

"विकून टाका," चष्मेवाला हळूच म्हणाला. "घेणारा कधी ना कधी म्हणतोच. सगळेच म्हणतात."

घरी येऊन मामाने मामीला सगळं सांगितलं. विकायचंही सांगितलं.

"नको," मामी म्हणाली.

"अगं, ऐक तरी—"

"त्या घेणाऱ्याची कुणीतरी आई असेल, बायको असेल. तिला तिथे बसवायचं? मी बसलेय त्या धगीत. मला माहीत आहे."

मामाने खूप वाद घातला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी गाडी गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. हॉस्पिटलला रिक्षा ठरवली. आणि मामीने मामाची शिकवणी सुरू केली. उठताना 'जातो' म्हणायचं.

"जातो," मामा म्हणायचा.

"अहो, जरा बऱ्या तोंडाने म्हणा! कायमचे निघाल्यासारखे काय म्हणता?"

दोघंही हसायची. त्या दिवसांत ती बरीच हसली. मला ते आठवतं, कारण त्यानंतर त्या घरात कुणी हसलेलं मी ऐकलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी मामीला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. छातीत पाणी झालं होतं. खोली इतकी गार की शेजारच्या खाटेवरची बाई शाल पांघरून बसली होती. डॉक्टर मामाला बाजूला घेऊन काय बोलले ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पण परत येऊन तो मामीचा हात धरून बसला. सोडीना.

दुपार झाली.

"तहान लागलीय हो," मामी म्हणाली.

पाणी बंदच होतं. नर्स म्हणाली, बर्फाचा खडा चघळायला दिला तर चालेल, पण तो खालून आणावा लागेल.

मामा उठला.

'जातो' हा शब्द जिभेवर आला होता. इतके दिवस घोकलेला. त्याने मामीकडे बघितलं. खोल गेलेले डोळे. नाकात नळी. त्या चेहऱ्याकडे बघून 'जातो' कसं म्हणायचं? मरणाच्या दारातल्या माणसाला कुणी 'जातो' म्हणतं का? मग त्याने ठरवलं, काही न बोलताच निघावं. पण मामीने बोट घट्ट धरून ठेवलं होतं.

"याल ना?" ती म्हणाली.

मामाची जीभ 'जातो'कडे वळली नाही. खोड नव्हती ती त्या वेळी. जीव होता नुसता.

"आलोच गं," तो म्हणाला.

मामीचे डोळे मोठे झाले.

मामा धावला. जिन्याने खाली, कँटीनमध्ये, बर्फ पिशवीत, पुन्हा जिन्याने वर. ओळखीच्या एकाने हाक मारली, त्याने वळून बघितलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याचं 'आलोच' खरं होणार होतं.

वरच्या मजल्यावर पोचला तेव्हा पिशवीतला बर्फ खुळखुळत होता.

खोलीच्या दाराशी आला तेव्हा…

पिशवीत पाणी होतं.

कोमट.

शेजारची बाई शाल फेकून बाहेर पळाली होती. नर्स दाराशी उभी राहून घाम पुसत होती. "एसी बंद पडला बहुतेक," म्हणत होती. मामाने वर बघितलं. जाळीला बांधलेली लाल फीत फडफडत होती.

मामी गेली होती. ओठ तडकलेले. अंगाला हात लावला तर चटका बसला. एक हात खाटेच्या कठड्यावर होता. कठडा खाली करायची जी कडी असते ना… बोटं तिच्यावर घट्ट आवळलेली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. ते खरंच असेल. हृदय तर सगळ्यांचंच थांबतं.

मामाने गाडी विकली नाही. मामीनेच नको म्हटलं होतं. मोडीतही दिली नाही. तेराव्याचे दिवस झाल्यावर त्याने ताडपत्री काढली, पाने घेतले आणि मागची दोन्ही दारं बिजागरीतून उतरवून भिंतीला टेकवून ठेवली. चाइल्ड लॉक नाही, काच नाही, दारच नाही. जायचं त्याने खुशाल जावं.

त्या दुपारी तो समोर स्टूल टाकून बसला. सीट रिकामी दिसत होती. डाव्या बाजूला खोलगट दबलेली.

थोड्या वेळाने उजवी बाजूही दबली.

खट्… भिंतीला टेकवलेल्या डाव्या दाराची कडी उचलली गेली.

खट्… मग उजव्या.

"उतर गं," मामा रडत म्हणाला. "आलोय मी. दार काढलंय. उतर आता."

कुणी उतरलं नाही.

आता तो रोज दुपारी तिथे जातो. मागच्या सीटवर मधोमध बसतो. दोन्ही बाजूंनी वारा यावा अशी ती उघडी गाडी, आणि तो घामाने निथळत असतो. मी एकदा हाताला धरून ओढलं होतं. हात भाजला माझा. खूण अजून आहे.

"मामा, दारं तर नाहीतच," मी म्हटलं होतं. "मग त्या उतरत का नाहीत?"

मामाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला साधी गोष्ट कळत नाही.

"कशा उतरतील?" तो म्हणाला. "बस म्हणून सांगितलंय ना त्यांना. 'आलोच' म्हटलंय."

"पण तू तर आलास."

"मी आलो गं," मामा म्हणाला. "त्यांना दिसत नाही."

आमच्या घरात तो शब्द आता कुणी उच्चारत नाही. बाहेर पडताना आम्ही काही न बोलता निघतो, चोरासारखे. काल दुपारी मी गॅरेजात मामाचा डबा ठेवायला गेले होते. मामा डोळे मिटून बसला होता. मी काही बोलले नाही. डबा ठेवला आणि वळले.

मागून, अगदी हळू, मामीच्या आवाजात कुणीतरी विचारलं…

"येशील ना?"

मी उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून माझ्या खोलीच्या दाराची कडी वाजतेय.